गाडीचं काळं प्लॅस्टिक आणि वायपरचे दांडे: गोव्यातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यातल्या आमच्या शेडमध्ये मी गाड्यांचं बाहेरचं प्लॅस्टिक, रबर आणि वायपर यांचं काम करतो. फोनवर येणारे प्रश्न बहुतेक तेच ते असतात, त्यातही निम्मे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येतात, म्हणजे नेमके जेव्हा माझ्याकडे वेळ नसतो. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. प्रश्न शक्य तितके विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत.

१. बंपरचं काळं प्लॅस्टिक पांढरट झालंय. धुतलं तरी जात नाही. ही धूळ आहे की रंग गेलाय?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. चाकांवरच्या कमानी, दरवाजाखालची पट्टी, बंपरचा खालचा भाग हे सहसा पॉलिप्रोपिलीनचं असतं. त्याला वरून रंग दिलेला नसतो. काजळीसारखा बारीक कार्बन प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला असतो, म्हणजे ते आतपर्यंत काळंच असतं. उन्हातली अतिनील किरणं पृष्ठभागावरच्या प्लॅस्टिकच्या साखळ्या तोडतात, तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि आत भरलेली शंखजिऱ्यासारखी पांढरी भुकटी उघडी पडते. अशा खडबडीत जागेवर उजेड चहूकडे विखुरतो आणि आपल्याला राखाडी दिसतं.

काळा रंग आतमध्ये शाबूत आहे, वरचं कातडं तेवढं खरवडलंय, असं समजा.

२. मग पाणी मारलं की पुन्हा काळं कसं दिसतं?

हा मला आलेला सगळ्यात चांगला प्रश्न. पाणी त्या बारीक भेगांत भरतं, पृष्ठभाग तात्पुरता गुळगुळीत होतो, उजेड विखुरत नाही. पाणी वाळलं की मूळचं ध्यान परत.

हे एवढं लक्षात ठेवलंत तर पुढची अर्धी पानं वाचायची गरज नाही. बाजारातले बरेचसे ‘ब्लॅक’ करणारे स्प्रे, खोबरेल, डिझेल, बूटपॉलिश हे सगळे पाण्याचंच काम करतात, फक्त वाळायला जास्त वेळ घेतात. दुरुस्ती म्हणायची तर भेगा भरणारा आणि तिथेच टिकून राहणारा थर हवा.

३. पुण्याच्या भावाची गाडी माझ्याच वर्षाची आहे, ती अजून काळीभोर. गोव्यातच असं का?

भाऊ गाडी तळघरात लावतो का, ते आधी विचारा. सावलीचा फरक गावाच्या फरकापेक्षा मोठा असतो.

तरी गोव्याचं ऊन कडक आहे हे खरंच. आपण साधारण १५ अंश अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये ढग वाचवतात. मार्च ते मे वाचवणारं कोणी नाही. म्हणून आडवे भाग, म्हणजे वायपरखालची जाळी आणि बंपरची वरची कड, उभ्या पट्ट्यांच्या आधी पांढरे पडतात.

खारं वारं प्लॅस्टिकला फारसं काही करत नाही. ते खातं धातूला. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच काचेखाली आणि वायपरच्या सांध्यात बसलेल्या मिठालाही सुटतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच ओलावा ओढून घेतं. मिरामारला किंवा मोरजीला रात्रभर उभी असलेली गाडी पाऊस नसतानाही ओलीच असते ती यामुळे. वायपरचे दांडे गंजतात तेही यामुळेच. त्यांचं वेगळं पाहू (प्रश्न १२ पासून).

४. माझ्या गाडीला नेमकं काय लागू होईल हे कसं ओळखायचं?

आधी ‘काळं’ म्हणजे काय काय असू शकतं ते बघा. दाणेदार, मॅट, नखाने किंचित खरबरीत लागणारं ते साधं प्लॅस्टिक. ही सगळी चर्चा मुख्यतः त्याचीच. आरशासारखे चकचकीत पिलर वेगळे (प्रश्न १७). वाकणारं, दाबलं जाणारं ते रबर (प्रश्न १८). पोपडे निघत असतील तर तो रंग आहे, प्लॅस्टिक नव्हे (प्रश्न १९).

मग प्रश्न २ मधली पाण्याची परीक्षा करा. ओलं केल्यावर एकसारखं काळं झालं तर काम सोपं. ओलं करूनही पांढरे चट्टे तसेच राहिले तर तो जुन्या पॉलिशचा किंवा सिमेंटचा थर आहे, आधी तो काढायचा. आणि बोट फिरवल्यावर बोटाला काळी किंवा राखाडी भुकटी लागली, तर वरचा थर मेलेला आहे. तो घासून काढल्याशिवाय वर काहीही लावलंत तरी ते त्या भुकटीला चिकटेल, प्लॅस्टिकला नाही.

५. खोबरेल तेल लावलं तर काय बिघडतं? आमच्याकडे सगळे लावतात.

लावल्या दिवशी काहीच बिघडत नाही. फोटो छान येतो.

खोबरेल वाळत नाही. ते चिकट राहतं, चिरेखाणीची धूळ आणि रस्त्याची काजळी धरून ठेवतं, आठवड्याभरात त्याची पापडी होते. पहिल्या पावसात ते ओघळून दरवाजाच्या रंगावर येतं. शिवाय नंतर खरं काम करायला गाडी आणलीत की ते तेल भेगांतून उपसायला मला जास्त वेळ लागतो. काम लांबतं, बिल वाढतं.

बाकी घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. बूटपॉलिश पावसात वाहतं आणि पांढऱ्या पँटला लागतं. डिझेल, पेट्रोल, जुनं इंजिन ऑइल तर नकोच. दरवाजाची आणि काचेची बीडिंग बहुतेक ईपीडीएम रबराची असते, ती खनिज तेलात फुगते आणि सैल पडते. गंज सोडवायला वापरतो तो डब्ल्यूडी-४० प्लॅस्टिकवर मारणारेही आहेत. त्यातलं विरल द्रव उडून जातं, मागे तेल उरतं, गोष्ट पुन्हा खोबरेलावर येते.

जवसाचं तेल मात्र वेगळं. ते हवेत खरोखर वाळून थर धरतं, त्यामुळे काही दिवस टिकतं. पण पुढे पिवळसर, चिकट पडतं. आणि एक धोका आहे जो कोणी सांगत नाही: जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती वाळताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. कोणी वापरलंच असेल तर फडकी पाण्यात बुडवून मग फेका.

६. दुकानात ड्रेसिंग, रिस्टोरर, सिरॅमिक कोटिंग असे डबे आहेत. घेऊ कुठला?

ड्रेसिंग म्हणजे लावून पुसायचं दुधाळ किंवा तेलकट द्रव. प्लॅस्टिक अजून चांगलं असेल तर ठीक, धुतल्यावर अधूनमधून लावा. पाण्यावर आधारलेलं, हाताला कोरडं लागणारं घ्या. लावल्यानंतर हात घसरला तर ते आपल्याकडच्या धुळीत टिकणार नाही.

रिस्टोरर म्हणून जे विकतात त्यात दोन जाती आहेत. एक नुसतं घट्ट ड्रेसिंग. दुसरी खरी, म्हणजे काळा रंगद्रव्य आणि वाळून घट्ट होणारा थर. डब्यावर ‘२४ तास पाणी लावू नका’ असं काही लिहिलं असेल तर ती बहुधा दुसरी जात. प्लॅस्टिक पांढरं पडून वर्षं झाली असतील तर मी हेच वापरतो.

सिरॅमिक कोटिंग पारदर्शक असतं. ते भेगा भरतं आणि ऊन अडवतं, पण नवा काळा रंग देत नाही. म्हणून नव्या किंवा थोड्याच फिक्या प्लॅस्टिकवर ते उत्तम आणि पार राखाडी झालेल्यावर निराशाजनक. मुदत किती, असं सगळे विचारतात. डब्यावरची मुदत सावलीतल्या गाडीची असते असं मी समजतो. उघड्यावर उभ्या गाडीची त्यातली निम्मी धरा, पुढचं सगळं बोनस.

७. घरी करायचं तर क्रम काय?

सकाळी, सावलीत, प्लॅस्टिक हाताला थंड लागत असताना. उन्हात तापलेल्या बंपरवर लावलंत तर ते बसायच्या आधी सुकतं आणि पट्टे उमटतात.

आधी भरपूर पाणी, मग ऑल पर्पज क्लीनर साधारण दहापट पाण्यात आणि मऊ ब्रश. दाण्यांच्या खाचांत ब्रश गोल फिरवा. फेस राखाडी येतोय तोपर्यंत पुन्हा पुन्हा. लोक इथे कंटाळतात. मी एका गाडीला जितका वेळ देतो त्यातला दोनतृतीयांश फक्त धुण्यात जातो, आणि काम टिकतं ते या भागामुळे, डब्यामुळे नाही. धुतल्यावर पूर्ण कोरडं होऊ द्या. सांध्यांत पाणी लपतं, ते हवेने काढा किंवा ऊन दाखवून पुन्हा सावलीत आणा. मग औषधांच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल तेवढ्याच पाण्यात मिसळून पुसून घ्या, म्हणजे उरलंसुरलं तेल निघतं.

शेजारच्या रंगाला मास्किंग टेप लावा. एका लपलेल्या कोपऱ्यात थोडं लावून बघा. मग स्पंजावर थोडंसं घेऊन एका वेळी हातभर जागेत, एकाच दिशेने. कमी घ्या. जाड थर लवकर वाळत नाही आणि चकचकतो, मूळ मॅटपणा जातो. काही मिनिटांनी कोरड्या मायक्रोफायबरने जास्तीचं उचला. दुसरा हात द्यायचा तर डब्यावर दिलेला वेळ पाळा.

८. हीट गनचा व्हिडिओ पाहिला, जादूसारखं काळं होतं. करू का?

होतं खरं. गरम हवेने वरचा अगदी पातळ थर वितळतो, भेगा मिटतात, पांढरी भुकटी आत झाकली जाते. पण ऊन पुन्हा तेच करणार, आणि प्रत्येक वेळी तुम्ही शिल्लक राहिलेलंच प्लॅस्टिक वितळवताय. एकदा, फार तर दोनदा.

पॉलिप्रोपिलीन १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि हीट गनचं तोंड त्याच्या कितीतरी वर जातं. हात एका जागी दोन क्षण जास्त थांबला की दाणे सपाट होतात, आणि तो चकचकीत डाग कायमचा. माझ्या मेहुण्याच्या गाडीच्या मागच्या बंपरवर असा एक डाग आहे. तो कोणी केला ते घरात सगळ्यांना माहीत आहे. पार्किंग सेन्सर, दुहेरी टेपने चिकटवलेल्या पट्ट्या आणि रंगाच्या कडेला तर गन नेऊच नका.

९. पावसाळ्याआधी करू की नंतर?

प्लॅस्टिकचं दिवाळीनंतर, वायपरचं पावसाआधी. चार-पाच वर्षं उलटसुलट करून मी या निष्कर्षाला आलोय.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा त्यातल्या त्यात कोरडी, ऊन सौम्य, थर नीट बसतो आणि मार्चच्या उन्हाआधी संरक्षण तयार असतं. फक्त डिसेंबर-जानेवारीत पहाटे दंव पडतं, ते ओल्या कोटिंगवर ठिपके सोडतं. पहिली रात्र गाडी छपराखाली ठेवा. चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, घाईने करून घेणारे बरेच असतात. तेव्हा पाऊस चालूच असतो, चवथीला गाडी चमकते आणि दसऱ्याला पुन्हा माझ्याकडे येते.

वायपरचे दांडे आणि ब्लेड मात्र मेमध्येच बघा. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो आणि वर्षाचा ३०० सेंटीमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतेक चार महिन्यांत पडून जातो.

१०. पॉलिशवाल्याने बॉडी पॉलिश केली आणि काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे डाग राहिले. ते कसे काढू?

दाण्यांत वॅक्स अडकून वाळलंय. कोमट पाणी, थोडा क्लीनर आणि जुना मऊ टूथब्रश. नाहीच निघालं तर साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने चालवा, विश्वास बसणार नाही इतकं निघतं. थिनर लावू नका, प्लॅस्टिक मऊ होऊन दाणे बुजतात. पुढच्या वेळी पॉलिशआधी टेप लावायला सांगा, आणि तो विसरणार हे गृहीत धरून स्वतः समोर उभे राहा.

११. डिचोलीला खाणीच्या रस्त्यावर राहतो. खालचं सगळं प्लॅस्टिक तांबडं झालंय. हे पांढरं पडण्यापेक्षा वेगळं का?

वेगळं. ती लोहाची बारीक माती आहे, खाचांत जाऊन बसते. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पट्ट्यातल्या गाड्या मी लांबून ओळखतो. ओली असताना ती सहज जाते. कोरडी असताना फडक्याने पुसणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. आधी पाण्याच्या जोराने, मग प्रश्न ७ प्रमाणे ब्रशने, दोन-तीनदा. कपडे धुवायची पावडर वापरू नका.

स्वच्छ झाल्यावर तेलकट ड्रेसिंग अजिबात नको. तुमच्या भागात तेल म्हणजे तांबडी माती धरायचा गोंद. कोरडा वाळणारा थरच द्या, मग नुसत्या पाण्याने माती घसरते.

१२. तेच ब्लॅक रिस्टोरर वायपरच्या दांड्यावर लावलं तर?

नको. या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

ड्रेसिंगमध्ये बहुधा सिलिकॉन असतं. पाऊस दांड्यावरून ते धुऊन काचेवर आणतो, वायपर ते काचभर फासतो. दिवसा जाणवत नाही. रात्री समोरून दिवे आले की काचेवर दुधासारखा पडदा दिसतो, वायपर जितका फिरेल तितका दाट. बऱ्याच वर्षांपूर्वी, हे काम नवीन असताना, मी स्वतःच्या गाडीच्या दांड्यांना आणि जाळीला मस्त काळं केलं आणि त्याच रात्री पावसात मांडवीच्या पुलावर चढलो. खिडकीतून डोकं बाहेर काढून पूल उतरलो. फिके दांडे कुरूप दिसतात, एवढंच. त्यांच्यामुळे समोरचं दिसणं बंद होत नाही.

आधीच लावून बसला असाल तर काच अल्कोहोलने दोनदा, दर वेळी स्वच्छ फडक्याने पुसा, ब्लेडचं रबरही पुसा. तरी पडदा राहिला तर काचेचं पॉलिश लागेल. दांडे धातूचे असतात, त्यांना ड्रेसिंग नाही, रंग हवा. मागच्या काचेचा दांडा बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकचा असतो. त्याला पूर्ण वाळणारं रिस्टोरर चालेल, पण पातळ, आणि ब्लेड काढून.

१३. वायपरचे दांडे रंगवायचे कसे? काढावे लागतात का?

न काढताही होतं, काढून चांगलं होतं.

आधी चुंबक लावून बघा. चिकटलं तर पोलाद, गंज तांबूस असेल. दांड्याचं बुडखं पुष्कळदा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं किंवा जस्ताचं असतं, तिथे चुंबक चिकटत नाही आणि झीज पांढऱ्या भुकटीसारखी दिसते. पोलादावरचा सुटा गंज ३२० नंबरच्या पेपरने काढा, खड्ड्यांत उरलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर लावा, तो गंजाला काळ्या टणक थरात बदलतो. पांढऱ्या भुकटीवर कन्व्हर्टरचा उपयोग नाही. तिथे नुसतं घासायचं आणि इपॉक्सी प्रायमर द्यायचा. मग सगळीकडे ६०० चा पेपर, अल्कोहोलने पुसणं, प्रायमर, आणि मॅट किंवा सॅटिन काळ्या स्प्रेचे दोन-तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून. चकचकीत काळा घेऊ नका. वायपर मॅट असतात ते नटण्यासाठी नव्हे, दुपारचं ऊन त्यांच्यावरून उसळून डोळ्यांत येऊ नये म्हणून.

रंग कुठे लागू नये हे जास्त महत्त्वाचं: दांडा जिथे मुडपतो तो सांधा, आतली स्प्रिंग आणि ब्लेड अडकायचा आकडा. तिथे टेप. न काढता रंगवत असाल तर काच, बोनेट सगळं कागदाने झाका, वाऱ्याने स्प्रे कुठेही जातो. आणि दांडा उभा केलात की काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवा. ब्लेड नसलेला दांडा स्प्रिंगने परत आपटला तर समोरची काच तडकते. हे घडताना मी पाहिलंय, आवाज विसरता येत नाही. ज्या गाड्यांचे वायपर बोनेटखाली लपतात त्यांना आधी सर्व्हिस पोझिशनला आणायची युक्ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

१४. दांडा काढायचा नट सुटला, पण दांडा निघतच नाही. हातोडी मारू?

मारू नका. खाली वायपरची मोटर आणि तिचे लिंक आहेत, धक्का तिथे जातो.

अ‍ॅल्युमिनियमचं बुडखं आणि पोलादी दांडीचे दाते यांच्यामध्ये खारं पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम झिजून त्याची भुकटी जागा घट्ट भरते. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. सकाळी दांडा मुडपून डावीकडे-उजवीकडे हलवा. नाही निघाला तर दोन पायांचा छोटा पुलर लावा, एक ‘टक’ आवाज येतो आणि सुटतो. उकळतं पाणी ओतायचा सल्ला देणारे भेटतील. काचेच्या बुडाशी उकळतं पाणी नको. नंतर काचेवर सांडलेलं तेल पुसायला विसरू नका, कारण प्रश्न १२ मध्ये आहेच.

काढण्याआधी वायपर एकदा फिरवून जागेवर येऊ द्या, चावी बंद करा आणि ब्लेड काचेवर जिथे टेकतो तिथे टेपचा तुकडा लावा. डावा-उजवा दांडा बऱ्याच गाड्यांत वेगळा असतो, खूण करा.

१५. रंगवून बसवले, आता वायपर थरथरतोय आणि मधला पट्टा पुसला जात नाही. रंगामुळे का?

अप्रत्यक्षपणे. सांध्यात रंग गेला असेल तर दांडा मोकळा मुडपत नाही आणि ब्लेडवर पुरेसा दाब येत नाही. दांडा उचलून सोडताना अडखळतो का बघा. अडखळत असेल तर सांधा पुन्हा साफ करायचा. दुसरं, काढताना दांडा किंचित पिळला गेला असेल. ब्लेड काचेला काटकोनात टेकायला हवं, तिरकं टेकलं की एका दिशेला उड्या मारतं. तिसरं, दाते एक घर चुकले असतील, मग ब्लेड टेपच्या खुणेवर थांबत नाही. आणि ब्लेड जुनं असेल तर दोष त्याचाच. आपल्या उन्हात रबर वर्षभरात कडक होतं, दर मेमध्ये बदललेलं बरं.

तपासणी नेहमी ओल्या काचेवर. कोरड्या काचेवर नवा वायपरही ओरडतो.

१६. वायपरखालची जाळी सगळ्यात पांढरी आहे. तिला काय लावू?

पातळ, पूर्ण वाळणारं रिस्टोरर, दोन दिवस पाऊस नसताना. ड्रेसिंग नाही, पाणी थेट काचेशेजारी वाहतं.

पण दिसण्यापेक्षा तिच्या आत बघा. आंब्याचा मोहोर, गुलमोहराच्या पाकळ्या, माडाची पोय असं सगळं तिथे साठतं आणि पाण्याच्या वाटा तुंबतात. मग जुलैत पाणी ब्लोअरमधून पायाशी येतं आणि लोक काचेचं सील बदलत बसतात. जाळी रंगवायला काढलीच आहे तर खालचा कचरा हाताने उपसा.

१७. दरवाजांमधले चकचकीत काळे पिलर धूसर झालेत. रिस्टोरर चालेल?

नाही. तिथे फिकेपणा नसतो, कोरड्या फडक्याने पडलेले हजारो बारीक ओरखडे असतात. गाडीच्या रंगाला लावतात तेच बारीक पॉलिश, मऊ पॅडने, मग वॅक्स. आणि पुढे कधीही कोरडं पुसायचं नाही.

१८. दरवाजाच्या रबरात हिरवं शेवाळ धरलंय. रबरही पांढरट आहे.

माडाखाली किंवा फणसाखाली गाडी लावता, बरोबर? क्लीनरचं पाणी आणि टूथब्रश पुरतो. हट्टी असेल तर पांढरा व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात, दहा मिनिटांनी धुऊन टाका. ब्लीच नको, शेजारचा पत्रा आणि क्लिप गंजतात. सुकल्यावर रबराला सिलिकॉनचा हलका हात चालतो, पण फडक्यावर घेऊन. थेट स्प्रे केलात तर काचेवर जातो. काचेच्या कडेच्या ज्या पट्टीवर काच घासते तिथे काहीही लावू नका.

खिडकीखालची चंदेरी पट्टी आणि रूफ रेल या प्रश्नात येत नाहीत. त्यांच्यावर पांढरे ठिपके असतील तर ती धातूची झीज आहे. धातूचं पॉलिश थोडं उजळवतं, खोल गेलेले ठिपके जात नाहीत.

१९. आधीच्या मालकाने बंपरला काळा स्प्रे मारला होता, आता पोपडे निघतायत. वरून रिस्टोरर मारू?

पोपड्यावर काहीही मारलं तरी ते पोपड्याबरोबर निघणार. पॉलिप्रोपिलीनला रंग मुळातच धरत नाही, त्यासाठी आधी प्लॅस्टिकचा खास प्रायमर लागतो, तो बहुधा त्यांनी वगळला. सगळा सुटा रंग काढा, कडा ४०० च्या पेपरने बुजवा, प्लॅस्टिक प्रायमर, मग दाणेदार बंपर पेंट. मोठा भाग असेल तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेच द्या, आणि प्रायमर कुठला लावणार ते आधी विचारा. गडबडला तर दुसरीकडे जा.

२०. गाडी महिन्याभराची आहे. आत्तापासून काही करायचं का?

हो, आत्ताच स्वस्तात होतं. पारदर्शक कोटिंग एकदा, पुढे मऊ धुणं आणि शक्य तिथे सावली. समुद्राकाठी जाऊन आलात की त्याच आठवड्यात वायपरचे सांधे आणि जाळी गोड्या पाण्याने धुवा, पाच मिनिटांचं काम.

२१. गाडी विकायची आहे. काळं करून विकली तर भाव येईल का?

स्वच्छ धुऊन वाळणारं रिस्टोरर लावलंत तर तो प्रामाणिक खर्च आहे, गाडी बरी दिसते. तेल लावून आणलेली गाडी मी बोट फिरवून ओळखतो, आणि घेणाऱ्याबरोबर येणारा मेकॅनिकही ओळखतो. मग तो इंजिनाखालीही जास्त वेळ वाकतो.

२२. हे सगळं स्कूटरला चालतं का?

आरसे, मडगार्ड, पुढची काळी जाळी यांना चालतं, प्रश्न ७ प्रमाणेच. पाय ठेवायची जागा, सीट, हँडलच्या मुठी, ब्रेकचे लिव्हर आणि टायर यांना मात्र काहीही चमकदार लावू नका. म्हापशाच्या एका पायलटने, म्हणजे मोटरसायकलवरून भाडं मारणाऱ्याने, सीट काळीभोर करून घेतली होती. पहिल्याच उतारावर मागचं गिऱ्हाईक घसरून त्याच्या पाठीवर आलं. दोघे हसत होते म्हणून ठीक. सीटवरून ते काढायला साबणाचं पाणी तीनदा लागलं.